पुरात पीडीएफ उघडत नाही

२२ जुलै २०२१. वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, रस्ते तुटले. माणसं पत्र्यावर, गच्चीवर, दुसऱ्या मजल्यावर अडकून बसली. त्यांच्यापर्यंत पहिलं कोण पोहोचलं? शेजारची पोरं. ट्रेकिंगवाली, होडीवाली, तालमीतली पोरं. आणि आपत्तीत माणूस कसा जगवायचा याची सरकारी माहिती त्या वेळी कुठं होती? संकेतस्थळावर. इंग्रजीत. पीडीएफमध्ये.

मला एकच गोष्ट सांगायची आहे, ती आधीच सांगून टाकतो. ज्याच्या मांडीवर जखमी माणूस आहे त्याला जी माहिती कळत नाही, त्याच्या फोनवर जी उघडत नाही आणि वेळेवर जी मिळत नाही, तिला माहिती म्हणणं हा खोटेपणा आहे. ती कुणाच्या तरी फायलीतली बरोबरची खूण असते. ती खूण करून ‘माहिती उपलब्ध करून देण्यात आली आहे’ असं छाती पुढे काढून सांगणाऱ्यांना आपण आजवर फार सांभाळून घेतलं.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं वैद्यकीय सज्जतेची मार्गदर्शक तत्त्वं २००७ साली काढली, पुराची २००८ साली. समित्या, उपसमित्या, राष्ट्रीय-राज्य-जिल्हा अशी उतरंड, आंतरविभागीय समन्वय, क्षमताबांधणी असं सगळं त्यात आहे. अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी लिहिलेला तो दस्तऐवज आहे आणि नियोजनाला तो लागतोच. माझं भांडण वेगळं आहे. पाण्यातून काढलेलं पोर श्वास घेत नाही, आता पहिल्या मिनिटाला काय करू, असं विचारणाऱ्या स्वयंसेवकासमोर हीच जाडजूड बाडं टाकायची आणि म्हणायचं, सगळं ऑनलाइन आहे, वाचा! पोहायला शिकवण्याचं पुस्तक नदीच्या तळाशी नेऊन ठेवावं, तशी ही सोय आहे.

पहिला मदतनीस कोण असतो हे महाराष्ट्राला नव्यानं सांगायला हवं का? ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडलं गेलं, तेव्हा गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर आणली ती एसटीच्या चालकानं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. काळोखात, पावसात, चिखलातून माणसं पायी वर चढली. त्या चढणीवर एका अग्निशमन अधिकाऱ्याचा हृदयविकारानं मृत्यू झाला. खोपोलीची यशवंती हायकर्स, लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, कोल्हापूरची व्हाइट आर्मी यांसारख्या संस्था वर्षानुवर्षं हेच काम करत आल्या आहेत. पदरचे पैसे घालून, रजा काढून, घरच्यांची बोलणी खाऊन. या माणसांना सरकार सत्कारात शाल देतं, भाषणात ‘देवदूत’ म्हणतं. त्यांना खरी गरज आहे ती मराठीतल्या चार ओळींची, आणि त्या मात्र द्यायला सरकारला सुचत नाही.

सरकारला स्वयंसेवकांचं महत्त्व कळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. २०१६ साली ‘आपदा मित्र’ योजना ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली, सहा हजार स्वयंसेवकांसाठी. पुढं ती ३५० जिल्ह्यांत नेऊन एक लाख स्वयंसेवक घडवायचं ठरलं. बारा दिवसांचं प्रशिक्षण, सोबत साहित्याचा संच. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. म्हणूनच विचारतो, तेराव्या दिवशी काय? छाती दाबण्याचं कौशल्य सराव नसला की काही महिन्यांत गंजतं, हे शिकवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. आज शिकलेल्या पोराला त्याची गरज तीन वर्षांनी, रात्री दोन वाजता, भर पावसात पडणार. तेव्हा त्याला आठवण करून देणारं त्याच्या खिशात काय ठेवलं? संचात दोर आहे, लाइफ जॅकेट आहे, बॅटरी आहे. डोक्यात ठेवायचं ज्ञान मात्र बारा दिवसांच्या स्लाइडबरोबर संपलं.

असल्या एका प्रशिक्षणात मी मागच्या रांगेत बसलो होतो. जिल्हा सांगत नाही, कारण दुसऱ्या जिल्ह्यातही हेच चित्र दिसेल. पडद्यावर इंग्रजी स्लाइड, बोलणारे डॉक्टर त्या वाचून दाखवत होते. समोर बसलेल्यांत निम्मे मासेमारी करणारे. त्यातला एक उठला आणि म्हणाला, “साहेब, होडी अरुंद असते. बुडालेल्याला वर घेतला तर तिथं छाती दाबायची कशी?” साहेब म्हणाले, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी चहा आला, प्रमाणपत्रं आली, फोटो झाला. प्रश्न राहिला. त्या सभागृहात त्या दिवशी विचारला गेलेला तो एकमेव कामाचा प्रश्न होता. त्याचं उत्तर दोन वाक्यांत बसतं: शिकलेला असशील आणि जमत असेल तर होडीतच तोंडानं श्वास देत राहा आणि किनारा गाठ. छाती दाबायची ती कडक जमिनीवर, उतरल्या क्षणापासून. ही दोन वाक्यं कुठल्या संकेतस्थळाच्या कुठल्या कोपऱ्यात आहेत, ते मला कुणी उघडून दाखवावं. फोनवर. होडीत बसून.

आता एक विद्वान हरकत. ‘सामान्य माणसाला वैद्यकीय माहिती देणं धोक्याचं आहे. अर्धवट ज्ञान घातक असतं.’ ही हरकत मी भल्या भल्या डॉक्टरांकडून ऐकली आहे आणि ती मला दर वेळी संतापजनक वाटली आहे. हे गृहस्थ असं धरून चालतात की माहिती दिली नाही तर स्वयंसेवक हाताची घडी घालून उभा राहील. कधी पाहिलंय तसं? बुडालेल्या पोराला आजही गावोगाव उलटं धरतात, गरगर फिरवतात, पालथं घालून पोट दाबतात. त्यात ती मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं फुफ्फुसात जातं. हवा असतो श्वास: श्वासमार्ग मोकळा करून आधी तोंडानं हवा, मग छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीनं दाब, मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल. साप चावला की दोरी आवळतात, ब्लेडनं चिरतात, तोंडानं ओढतात. हवं असतं ते याच्या उलट: चावलेला हात-पाय हलू न देणं, अंगठी-कडं-पैंजण काढणं, रुग्णाला चालवू न देणं आणि सापाचं प्रतिविष असलेल्या दवाखान्यात नेणं. म्हणजे स्वयंसेवकाचं डोकं कोरं नाहीच. त्यात आजीकडून, सिनेमातून, व्हॉट्सअॅपवरून आलेली चुकीची माहिती ठासून भरलेली आहे. तुम्ही गप्प बसता तेव्हा ती जिंकते. अर्धवट ज्ञानाची एवढी भीती वाटत असेल तर पुरं ज्ञान द्या, कोणी अडवलंय?

आणि सामान्य माणसाच्या हाती ज्ञान दिलं की काय होतं, याचा पुरावा याच देशात आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. ते प्राण घाबरलेल्या, थकलेल्या, पदवी नसलेल्या नातेवाइकांच्या हातांनी वाचले. आजही हे ज्ञान एका ओळीत मावतं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. यासाठी कुठली क्षमताबांधणी लागते?

दुसरं उदाहरण महाडचंच घ्या. विंचवाच्या दंशानं कोकणात माणसं पटापट मरायची. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकर रुग्णांच्या उशाशी बसून राहिले, निरीक्षणं मांडली, १९८२ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढं प्राझोसिनच्या वापरानं मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपासवरून एका टक्क्यापर्यंत खाली आलं. महाडच्या मातीत तयार झालेलं ज्ञान लंडनच्या नियतकालिकातून जगभर गेलं, याचा मला अभिमान आहे. पण पूर आला की साप-विंचू घरांत, गोठ्यांत, लाकडांच्या ढिगांत येऊन बसतात, आणि त्याच महाडात चिखल उपसायला आलेल्या पोराला यातलं कुणी काही सांगितलेलं नसतं. गेल्या चाळीस वर्षांत हे अंतर ज्यांनी मिटवायचं होतं, ते नुसते संकेतस्थळांचे रंग बदलत बसले.

चिखल उपसणाऱ्यांचंच बघा. पूर ओसरला की पुण्या-मुंबईहून गाड्या भरभरून मदत येते. उत्साह अमाप, पायात चपला. लेप्टोस्पायरोसिस काय करतो हे मुंबईनं २६ जुलै २००५ नंतर भोगलं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी उतरल्यावर तापानं माणसं दगावली. धडा मिळून वीसेक वर्षं झाली. गाडीत चढण्यापूर्वी स्वयंसेवकाला सांगायचं ते इतकंच: गमबूट घाल, हातमोजे घाल, जखम असेल तर झाकून घे, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघ. डॉक्सिसायक्लिनबद्दल डॉक्टरांना विचारून घे. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला ते देत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं औषध आहे. आणि पुढच्या महिनाभरात ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य हे बोल: मी पुराच्या पाण्यात काम केलं आहे. या शेवटच्या वाक्यानं जीव वाचतो, कारण शहरातला डॉक्टर त्या तापाला साधा व्हायरल समजून बसतो.

आता गावच्या विहिरीकडे या. पाणी ओसरलं, गाळ काढला, शाळेत दोनशे माणसं राहताहेत, सगळ्यांना पाणी प्यायचं आहे. ग्रामपंचायतीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पोतं आहे. स्वयंसेवक काय करतो? ओंजळीनं पावडर घेतो आणि विहिरीत भिरकावतो. त्याचं चुकतं, पण त्याला कुणी दाखवलेलं नसतं. आधी बादलीत थोडी पावडर घेऊन पाण्यात कालवून पातळ लगदा करायचा, मग पाणी वाढवून ढवळायचं, दहा मिनिटं ठेवून चुना खाली बसू द्यायचा. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत काढायचं, चोथा टाकून द्यायचा. ती बादली दोरानं विहिरीत पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली, आजूबाजूला हलवायची. तास थांबायचं. मग ओटी टेस्ट, म्हणजे उरलेल्या क्लोरीनची तपासणी. पिवळा रंग आला आणि क्लोरीन लिटरला अर्धा मिलिग्रॅम उरलेलं दिसलं, तर पाणी प्यायला योग्य; नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आणि वर्षभर उघड्या पडलेल्या पोत्यातली पावडर मेलेली असते, ती कितीही टाका. हे सगळं दोन मिनिटांच्या चित्रफितीत बसतं. जलसुरक्षकाच्या हाताकडे फोन धरला की ती तयार. त्यासाठी निविदा काढायची गरज नाही, सल्लागार नेमायची तर मुळीच नाही.

दरडीचंही तसंच. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास पाय चेंगरलेला माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. दगड बाजूला होतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि थोड्या वेळात त्याचं हृदय बंद पडतं, कारण मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरलेलं असतं. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, १९४१ साली, वैद्यकशास्त्रानं हे नोंदवून ठेवलं. दगड हलवण्याआधी डॉक्टर बोलवा, शिरेतून सलाइन सुरू करू द्या, एवढं वाक्य सह्याद्रीच्या पायथ्याच्या प्रत्येक बचाव पथकाला तोंडपाठ असायला हवं. आहे का?

रसायनांची गोष्ट तर आणखी गंभीर आहे. महाड, लोटे, तळोजा, पाताळगंगा: कोकणपट्टीत नद्या आणि रासायनिक कारखाने शेजारी शेजारी नांदतात. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात हजारो माणसं गुदमरत आली, तेव्हा कोणता वायू सुटला आणि त्यावर उपचार काय, हे डॉक्टरांना धड सांगायला कारखान्यातलं कुणी तयार नव्हतं. ओलं फडकं तोंडावर धरा, एवढी सूचना वस्त्यांना वेळेवर मिळाली असती तरी कितीतरी जण वाचले असते. उत्तर अमेरिकेत टँकर उलटला की त्यावरचा क्रमांक बघून काय करायचं ते सांगणारं एक पुस्तक अग्निशामकाच्या आणि पोलिसाच्या गाडीतच असतं. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून ते काढतात, इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये. दर चार वर्षांनी सुधारतात. फोनवरही ते फुकट मिळतं आणि नेटवर्क नसताना चालतं. तीन देशांना तीन भाषांत जे जमतं, ते एका राज्याला एका भाषेत का जमू नये? भोपाळचं दुःख तर आपलं आहे!

‘तंत्रज्ञानाच्या मर्यादा आहेत’ हे उत्तर मला कुणी देऊ नये. २०२३ साली देशभर लोकांचे फोन अचानक कर्कश वाजले आणि पडद्यावर चाचणी संदेश झळकला, आठवतंय? इंटरनेट नसलं तरी, नुसता टॉवर जिवंत असला की, ठरावीक भागातल्या प्रत्येक फोनवर संदेश उमटवायची ताकद सरकारकडे आहे. मग ‘सतर्क राहा’ हे मोघम वाक्य पाठवून का थांबता? सतर्क राहून माणूस काय करणार? आज रात्री सापाचं प्रतिविष कोणत्या ग्रामीण रुग्णालयात शिल्लक आहे, तिथला रस्ता चालू आहे का, १०८ रुग्णवाहिका कुठवर पोहोचू शकते, डायलिसिसच्या रुग्णांना कुठं न्यायचं: ऑनलाइन द्यायची माहिती ही आहे. प्रथमोपचार रोज बदलत नाहीत, ते आधीच खिशात हवेत. बदलतं ते हे, आणि नेमकं हेच कुठं मिळत नाही. अफवा सही-शिक्क्याविना दहा मिनिटांत जिल्हाभर फिरते. तिला खोडणारा खुलासा मंजुरीसाठी टेबलावरून टेबलावर सरकत राहतो आणि निघतो तोवर पाणी उतरलेलं असतं.

म्हणून मागणी सरळ आहे. प्रत्येक धोक्यासाठी एकच पान, बोलीच्या जवळच्या मराठीत, चित्रांसह. गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्यांसाठी त्यांच्या भाषेत आवाजी सूचना. फाइल इतकी लहान की स्वस्त फोनवर मेअखेरीस एकदा उतरवून ठेवता येईल. लॉगिन नको, ओटीपी नको. तीच पानं प्लास्टिकचं आवरण घालून बचाव साहित्याच्या संचात. प्रत्येक पानावर तारीख आणि तपासणाऱ्या डॉक्टरचं नाव, म्हणजे चूक झाली तर जबाबदार कोण ते कळेल. प्रत्येक जिल्ह्यात एक वैद्यकीय अधिकारी असा, जो आपत्तीच्या दिवसांत खुलासा स्वतःच्या सहीनं काढेल, वरच्या मंजुरीची वाट न बघता. आणि छापण्याआधी ते पान एखाद्या होडीवाल्याला, एखाद्या आशाताईला वाचायला द्या. त्यांना कळलं नाही तर पान चुकलं, त्यांची समज नव्हे.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. लागते ती लाज. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी नाव उलटली आणि लोक डोळ्यांदेखत बुडाले. त्यानंतरही काठावर उभ्या असलेल्या पुढच्या पोराला, पाण्यातून वर काढलेल्या माणसाला काय करायचं, हे आपण सांगितलेलं नसेल, तर दोष नदीच्या माथी मारता येणार नाही.

वाचकहो, तुम्ही एक करा. पुढच्या मे महिन्यातल्या ग्रामसभेत किंवा तहसील कार्यालयात उभे राहा आणि विचारा: आमच्या गावच्या स्वयंसेवकांना दिलेलं ते पान दाखवा. ‘संकेतस्थळावर आहे’ असं उत्तर आलं तर जागचे हलू नका. तिथंच त्यांना त्यांचा फोन विमान मोडवर टाकायला सांगा आणि म्हणा, आता उघडून दाखवा.